जपानी पाहुणे व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी का घेतात?

प्रश्न : नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मध्यंतरी चार जपानी पाहुणे ऑडिटसाठी आले होते. प्रत्येकानं आपलं कार्ड दोन्ही हातांनी दिलं, आमचं दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि मीटिंग संपेपर्यंत टेबलावर ओळीनं मांडून ठेवलं. आमच्या मालकांनी त्यांची कार्डं खिशात टाकली, एकावर तर बॉलपेननं मोबाइल नंबर लिहिला. चुकलं का? मीटिंगभर पाहुणे मान हलवत ‘हाय, हाय’ म्हणत होते, म्हणून काम मिळालं असं आम्ही धरून चाललो. पुढे बरेच दिवस काहीच कळलं नाही. निघताना गाडी गेटबाहेर पडेपर्यंत ते आतून वाकत होते. हे लोक जात्याच इतके शिस्तीचे असतात का? आणखी एक. माझा धाकटा भाऊ सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झालाय, सध्या जपानी भाषेचा क्लास करतोय आणि तिकडे कामाला जायचं म्हणतोय. त्यानं तिथं कसं वागावं?
— एक वाचक, श्रमिकनगर, सातपूर

उत्तर : कार्डापासूनच सुरुवात करू. तुमच्या टेबलावर जे घडलं त्यात बाकीच्या प्रश्नांचीही बरीचशी उत्तरं आहेत.

जपानी कामकाजात कार्ड देणं म्हणजे मीटिंगआधीचा किरकोळ उपचार नव्हे. खरी ओळख तिथेच होते. उभं राहायचं, टेबलाला वळसा घालून समोरासमोर जायचं. टेबलावरून हात लांबवून कार्ड सरकवायचं नाही. पाहुणा किंवा हुद्द्यानं लहान असलेला माणूस आधी देतो आणि देताना आपलं कार्ड समोरच्याच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरतो. अक्षरं घेणाऱ्याला सुलटी दिसली पाहिजेत. आधी कंपनीचं नाव, मग आडनाव सांगायचं आणि थोडं वाकायचं. घेणारा कार्ड वाचतो, उच्चार कळला नाही तर तिथल्या तिथे विचारतो. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता नंतर चुकीच्या नावानं हाक मारणं वाईट दिसतं. बसल्यावर कार्डं मांडली जातात ती माणसं ज्या क्रमानं बसली आहेत त्या क्रमानं, आणि सगळ्यांत वरिष्ठाचं कार्ड स्वतःच्या कार्डकेसवर ठेवतात. याचा उपयोग अगदी रोकडा आहे. चार अनोळखी माणसं समोर असली तरी कुणाचं आडनाव काय हे डोळ्यांसमोर राहतं आणि प्रत्येकाच्या नावाला ‘सान’ हा आदराचा शब्द लावून बोलता येतं. स्वतःच्या नावाला मात्र ‘सान’ लावायचं नाही, जसं आपण स्वतःला ‘साहेब’ म्हणवून घेत नाही.

कार्ड म्हणजे कागदाचा तुकडा नव्हे, तो माणूसच, अशी तिथली भावना. पुस्तकाला चुकून पाय लागला की आपण वाकून हात लावतो ना, त्याच जातीची. म्हणून कार्डावर त्या माणसादेखत लिहिणं, त्याची घडी घालणं, ते पँटच्या मागच्या खिशात टाकून त्यावर बसणं त्यांना खटकतं. तेव्हा मालकांचं चुकलं खरं. पण त्यामुळे काम गेलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. परदेशी माणसानं सगळे रिवाज पाळावेत अशी अपेक्षा जपानी माणूस ठेवत नाही, आणि ऑडिटला आलेल्या माणसाची नजर कार्डापेक्षा तुमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर आणि मितुतोयोच्या व्हर्नियरवरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर जास्त असते. पुढच्या वेळी मालकांच्या हाती एक साधी कार्डकेस आणि पुरेशी कोरी कार्डं द्या. नोंदी करायच्या तर वहीत.

बसण्याच्या जागांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण आपल्याकडे इथं हमखास गडबड होते. दारापासून सगळ्यांत लांबची जागा मानाची. ती पाहुण्यांना द्यायची आणि यजमानांनी दाराच्या बाजूला बसायचं. आपल्या बहुतेक कारखान्यांत मात्र मालकांची मोठी खुर्चीच दारापासून लांब, भिंतीला लागून असते. पाहुणे आले की मीटिंग त्या केबिनमध्ये न घेता वेगळ्या टेबलावर घ्यावी, हा सोपा उपाय. टॅक्सीत चालकाच्या मागची सीट मानाची. लिफ्टमध्ये सगळ्यांत कनिष्ठ माणूस बटणांपाशी उभा राहतो आणि सगळे उतरेपर्यंत दार धरून ठेवतो.

आता ‘हाय, हाय’. तो होकार नव्हता. बोलणाऱ्याला ‘मी ऐकतोय, पुढे बोला’ असं कळवत राहणं ही तिथं ऐकणाऱ्याची जबाबदारी मानतात. गप्प बसून टक लावून ऐकलं तर बोलणाऱ्याला आपलं काही चुकलं की काय असं वाटतं. आपणही फोनवर ‘हं, हं’ करतोच. त्याचा अर्थ कुणी सही झाली असा घेत नाही. तोंडावर स्पष्ट नकार देणं ते टाळतात. ‘जरा कठीण आहे’, ‘विचार करून बघतो’ अशी वाक्यं आली की बहुतेक वेळा तो नकारच समजावा. लग्नाच्या बोलणीत ‘बघू, कळवतो’ ऐकून मोठा झालेला मराठी माणूस हे चटकन ओळखेल.

काही न कळण्याचं दुसरंही कारण असू शकतं, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. जपानी कंपनीत समोर बसलेला माणूस एकटा निर्णय घेत नाही. प्रस्तावाचा कागद विभागाविभागांतून फिरतो, प्रत्येक जण वाचून शिक्का मारतो. त्याआधी प्रत्येकाशी खासगीत बोलणं होतं, शंका आधीच फेडल्या जातात. याला वेळ लागतो. पण एकदा ठरलं की अंमलबजावणी भराभर होते, कारण नंतर अडवणारा कुणी उरलेला नसतो. या मधल्या काळात पुरवठादाराकडून त्यांची एकच अपेक्षा असते, की त्यानं कळवत राहावं. १९८२ मध्ये यामाताने सिक्युरिटीजचे प्रमुख तोमिजी यामाझाकी यांनी आपल्या कंपनीत एक सूत्र रुजवलं: अहवाल द्या, माहिती कळवा, सल्ला घ्या. तिन्हींच्या जपानी शब्दांची आद्याक्षरं जोडून झालेला ‘होरेनसो’ हा शब्द आज बऱ्याच जपानी कंपन्यांत नव्या नोकरांना सुरुवातीलाच शिकवतात. यात वाईट बातमी सगळ्यांत आधी द्यायची असते. डाय तुटली, लॉट रिजेक्ट झाला, डिस्पॅच दोन दिवस उशिरा जाणार, तर ते पाहुण्यानं विचारण्याआधी आपण सांगायचं. आपल्याकडे उलट वळण आहे. दुरुस्त करून मगच सांगू, साहेबांना कशाला त्रास. सातपूर-अंबडच्या कितीतरी लहान कारखान्यांचं जपानी गिऱ्हाईक मालाच्या दर्जामुळे नव्हे, तर या लपवालपवीच्या सवयीमुळे दुरावतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी गेटबाहेर पडेपर्यंत वाकणं हा निरोपाचा रिवाज. निरोप देणारेही गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहतात, लगेच पाठ फिरवत नाहीत. कामकाजात वाकण्याच्या साधारण तीन पायऱ्या सांगतात: जाता-येता १५ अंश, गिऱ्हाइकासमोर ३०, मोठी माफी मागताना किंवा फार आभार मानताना ४५. तुम्ही अंश मोजत बसू नका. सरळ हात जोडून नमस्कार करा. तो त्यांना नीट समजतो. हस्तांदोलन करताकरता वाकायला गेलं की डोकी आपटतात, एवढं लक्षात ठेवा.

हे लोक जात्याच असे असतात का, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न. नाही, असं माझं उत्तर आहे, आणि पुरावा खुद्द टोकियोच्या कचऱ्यात सापडतो.

१९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकियो स्वच्छ शहर म्हणून ओळखलं जात नव्हतं. जगभरचे पाहुणे येणार म्हणून सरकारनं राजधानी स्वच्छ करण्याची मोहीम काढली, झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले, रस्त्यावर कचरा टाकू नका हे लोकांना पुनःपुन्हा सांगितलं. ऑलिंपिक पार पडलं, पण शहर वाढत होतं आणि कचराही. तो जात होता कोतो या वॉर्डाच्या किनाऱ्यावर, टोकियोच्या उपसागरात भराव घालून केलेल्या एका बेटावर. त्या बेटाचं नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथं इतक्या माश्या झाल्या, की त्या थव्यांनी वस्तीत शिरल्या. शेवटी माश्या मारण्यासाठी कचऱ्याच्या डोंगराला आग लावावी लागली. सगळ्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या आपल्याच दारावरून जातात, दुर्गंधी आपणच सोसायची, आणि सुगिनामीसारख्या सुखवस्तू वॉर्डातले लोक मात्र आपल्याकडे कचरा जाळण्याचा कारखाना होऊ देत नाहीत, यावर कोतोचे लोक भडकले. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी विधानसभेत ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं. १९७३ मध्ये कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या कचरागाड्या रस्त्यातच अडवल्या. सुगिनामीतला तो कारखाना सुरू व्हायला १९८२ उजाडलं. दरम्यान १९७५ मध्ये शिझुओका प्रांतातल्या नुमाझू शहरानं, तिथल्याही कचरा डेपोशेजारच्या लोकांनी विरोध केल्यावर, घरातच कचरा वेगळा करून द्यायची पद्धत सुरू केली. आज आपण जे जपानी वर्गीकरण कौतुकानं बघतो त्याची पाळंमुळं अशी भांडणात आहेत. पुण्याच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या, ते आठवून पाहा. भांडण अगदी एकाच जातीचं. फरक पडला तो भांडणानंतरच्या वर्षांत. तिथं प्रत्येक भागानं आपला कचरा आपणच निस्तरायचा हे तत्त्व पुढे आलं.

रेल्वेचंही तसंच. शांत डबे, रांगा, आधी उतरू देणं हे काही आभाळातून पडलेलं नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेनं १९७४ पासून प्रवाशांना वागणूक शिकवणारी चित्रं स्थानकांवर लावायला सुरुवात केली आणि अजून ती लावली जातात. म्हणजे अजूनही सांगावं लागतं. शाळेत तर हे रोजच चालतं. मुलं वर्ग, जिने, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहंसुद्धा स्वतः झाडतात-पुसतात. १९५४ च्या कायद्यानं पक्कं झालेलं शाळेतलं दुपारचं जेवण मुलंच पांढरे एप्रन घालून पाळीपाळीनं वाढतात, आणि सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात सामना संपल्यावर जपानी प्रेक्षक स्टेडियममधला कचरा पिशव्यांत भरताना जगानं पाहिले, ते याच शाळांतून शिकलेले. रोज सवय झाली की अंगवळणी पडतं, आणि मग बाहेरच्याला ते रक्तात असल्यासारखं वाटतं.

आणि तुम्ही स्वतःच याचे साक्षीदार आहात. जपानी मालाची १९५० च्या सुमाराला स्वस्त आणि टाकाऊ अशीच ख्याती होती. १९५० मध्येच अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांना तिथल्या अभियंत्यांनी व्याख्यानांना बोलावलं, १९५१ पासून त्यांच्या नावानं पारितोषिक सुरू केलं, आणि दर्जा ही शिकण्याची गोष्ट आहे हे करून दाखवलं. त्याच डेमिंग पारितोषिकावर २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानं नाव कोरलं. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांत जगात पहिल्यांदा. मारुतीचा करार १९८२ मध्ये सुझुकीशी झाला तेव्हा जपान्यांनी साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश घालायला लावला, एकाच कॅंटीनमध्ये बसवलं. आपल्याकडच्या कारखानदारीला तो मोठा धक्का होता. आज सातपूरमध्ये महिंद्रा, मायको म्हणजे आताची बॉश, सिएट आणि त्यांना माल देणारे लहानमोठे कारखाने बघा. फाइव्ह एस, कायझेन, पोकायोके, व्हाय-व्हाय हे जपानी कारखान्यांतून आलेले शब्द आपल्या पोरांच्या तोंडी पाना-स्क्रू ड्रायव्हरइतके सहज बसलेत. टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की लांबूनच कळतं, आणि घेऊन गेलेला माणूस शिफ्ट संपायच्या आत तो परत लावतो. हे करणारी माणसं नाशिक, त्र्यंबक, पेठ, सिन्नरकडचीच आहेत. जपानी कुणी नाही.

खंत एवढीच, की हे सगळं गेटच्या आत राहतं. कारखान्यात पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालणारा कामगार बाहेर आल्यावर त्र्यंबक रोडवर उलट्या बाजूनं गाडी घालतो, आणि फाइव्ह एसचं बक्षीस मिळवणाऱ्या कारखान्याच्या कुंपणाबाहेर टपरीचे कागदी कप पडलेले असतात. जपान्यांनी हे वळण शाळेतून सुरू करून कारखान्यापर्यंत नेलं. आपल्याला कारखान्यापासून सुरू करून घरापर्यंत न्यावं लागेल. दिशा उलटी असली म्हणून अशक्य नाही.

यात जपानचं सगळंच घ्यावं असं मी म्हणणार नाही. चारचौघांच्या मनातलं न सांगता ओळखावं हा तिथला दबाव माणसाला थकवतो. साहेब उठल्याशिवाय न उठण्यानं कामाचे तास लांबतात, आणि अतिकामानं येणाऱ्या मरणाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. ते घेण्याजोगं नाही.

आता तुमच्या भावाकडे वळू. त्याला वाकायचे अंश किंवा चहाचे समारंभ शिकवत बसू नका. तो फिटर आहे, वसतिगृहात किंवा कंपनीच्या खोलीत राहणार, सकाळी कामावर जाणार. त्याची परीक्षा शेजारी घेतील, आणि ती कचरा, आवाज आणि वेळ यांवरून.

कचरा उचलायला तिथं आपल्यासारखी घंटागाडी दारोदार फिरत नाही. गल्लीतल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या वारी, सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत पिशवी नेऊन ठेवायची, बहुधा आठपर्यंत. आदल्या रात्री ठेवायची नाही, कारण कावळे पिशव्या फाडतात. त्यासाठी ढिगावर जाळी टाकलेली असते, ती नीट परत अंथरायची. जळणारा कचरा वेगळ्या वारी, काच-डबे वेगळ्या, जुने कागद दोरीनं बांधून वेगळ्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली धुऊन चेपायची. झाकण आणि लेबल प्लास्टिकच्या पिशवीत, बाटली बाटल्यांत. भजी तळली तर उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, रद्दीत शोषून किंवा बाजारात मिळणाऱ्या पावडरीनं घट्ट करून टाकायचं. चुकीची पिशवी उचलतच नाहीत. स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि ती कुणाची हे साऱ्या गल्लीला कळतं. नियम गावागणिक बदलतात. तोकुशिमा प्रांतातलं कामिकात्सु हे लहानसं गाव तर कचऱ्याचे ४० हून अधिक प्रकार करतं. म्हणून पोहोचल्याच्या दिवशीच नगरपालिकेचं कचऱ्याचं कॅलेंडर मागून घ्यायचं आणि फ्रिजवर चिकटवायचं. बाहेर फिरताना कचऱ्याचे डबे फारसे दिसणार नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून ते बऱ्याच ठिकाणांहून हटवले गेले. वेष्टन खिशात ठेवायचं, घरी आणून टाकायचं.

आवाजाचं म्हणाल, तर खोल्यांच्या भिंती पातळ असतात. तुम्ही घरातली सगळी जमून रात्री ९ वाजता त्याला व्हिडिओ कॉल लावाल, तेव्हा जपानमध्ये मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतील. तो स्पीकरवर मोठ्यानं बोलला की सकाळी तक्रार आलीच. संध्याकाळी साडेपाचला बोला, तिथं तेव्हा नऊ वाजलेले असतात. रात्री उशिरा वॉशिंग मशीन लावायचं नाही. रेल्वेत, बसमध्ये फोनवर बोलायचंच नाही, रिंगही बंद. राहायला गेल्यावर शेजारच्या आणि खालच्या-वरच्या घरी जाऊन नाव सांगून यावं, सोबत टॉवेल किंवा मिठाईचा एखादा लहानसा डबा न्यावा. हा तिथला जुना रिवाज आहे. शहरांतून कमी होत चाललाय, पण परक्या मुलानं तो पाळला तर पुढचं निम्मं काम होतं.

वेळेबद्दल त्याला सातपूरच्या पंचिंगच्या सवयी सोडाव्या लागतील. आठची पाळी म्हणजे आठला मशीनपाशी तयार उभं असणं. बऱ्याच ठिकाणी त्याआधी हजेरीची सभा आणि रेडिओच्या तालावरचा व्यायाम असतो, जो तिथं १९२८ पासून चालत आलाय. २०१७ मध्ये त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी २० सेकंद आधी सुटली, तर रेल्वेनं जाहीर माफी मागितली. तेव्हा उशीर होणार असेल तर वेळ टळायच्या आत फोन करायचा. उशीर एक वेळ माफ होतो, न कळवणं होत नाही.

घरात शिरताना दारापाशीच बूट काढायचे आणि टाचा आत, चवडे दाराकडे असे वळवून ठेवायचे. आतल्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या, आणि चटईच्या खोलीत सपाताही काढून जायचं. संडासातल्या सपाता घालून बाहेर येणं ही नवख्यांची नेहमीची चूक. स्नानाचा टब अंग धुण्यासाठी नसतो. बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, मग गरम पाण्यात नुसतं बसायचं. तेच पाणी नंतर सगळे वापरतात, त्यामुळे साबणाचा एक थेंबही त्यात जाता कामा नये. वसतिगृहात यावरून कुरबुरी होतात.

जेवताना काड्या भातात उभ्या खोवायच्या नाहीत, मृतासमोर भात ठेवताना तसं करतात. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलल्या जातात. आपल्याकडे हातावर मीठ देत नाहीत किंवा पानात तीन पोळ्या वाढत नाहीत, तेवढंच हे मनाला लागणारं. नूडल्स सूं-सूं आवाज करत खाल्ल्या तर चालतं. सगळ्यांसमोर नाक शिंकरलं तर चालत नाही. हॉटेलात टिप ठेवू नये, पैसे विसरले समजून वेटर मागे धावत येतो. भाऊ शाकाहारी असेल तर ते आधीच, स्पष्ट आणि लिहून सांगावं. भाजीच्या साध्या सूपातही बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि ‘मांस नाही’ एवढं म्हटलं की मासा चालतो असं धरलं जातं. बौद्ध मठांत मात्र पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. कोयासानच्या डोंगरावर, जिथल्या विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला, तिथं ही परंपरा फार जुनी आहे. सुट्टीत त्यानं तिथं जाऊन यावं.

सायकल तो नक्की घेईल. तिची पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. सायकलवर डबलसीट बसणं बेकायदा आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून सायकल चालवताना मोबाइल हातात धरण्याला कडक शिक्षा आहे. सुट्टीवरून परत जाताना आपल्या विभागातल्या सगळ्यांसाठी काहीतरी खाऊ न्यायचा असतो, एकेक वेष्टनात असलेला, म्हणजे वाटायला बरा. चिक्की उत्तम.

रिवाजांच्या पलीकडची एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. भारत आणि जपान यांच्यात २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींसाठी आणि जानेवारी २०२१ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ योजनेसाठी करार झाला. दुसऱ्या योजनेसाठी जपानी भाषेची एन-फोर किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि बहुतेकांना कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. प्रशिक्षणार्थी योजनेत कामगारांची पिळवणूक झाल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की २०२४ मध्ये जपानच्या संसदेनं ती बंद करून नवी पद्धत आणण्याचा कायदा केला. म्हणून करारपत्र मराठीत समजून घेतल्याशिवाय सही नको. पासपोर्ट कंपनीकडे किंवा एजंटाकडे ठेवायला द्यायचा नाही. प्रशिक्षणार्थींचा पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे. रहिवासाचं कार्ड मात्र कायम खिशात हवं. विनयानं वागणं आणि हक्काचं मागणं यात विरोध नाही.

तिथं आपली माणसंही आहेत. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव होतो. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, आपल्या शेजाऱ्यांच्या मतांवर. शेजार नीट सांभाळला तर परक्या देशातला माणूस कुठवर जाऊ शकतो, ते भावाला यावरून कळेल.

आणि तुमच्या ऑडिटचं. कार्डावर लिहिल्याबद्दल माफीचा मेल पाठवू नका, त्याची गरज नाही. पाहुण्यांनी काढलेल्या मुद्द्यांपैकी काय दुरुस्त झालं, काय बाकी आहे आणि बाकीचं कोणत्या तारखेला होईल, हे आधीच्या आणि नंतरच्या फोटोंसह याच आठवड्यात त्यांना कळवा. एखादं काम ठरल्या तारखेला होणार नसेल, तर तेही लिहा.